नव्या बुलेटला सायलेन्सर लावण्याआधी: हवा, पेट्रोल आणि ईसीयूचा हिशेब

अनेक शहरांतल्या बुलेटच्या सामानाच्या दुकानांत 'पंजाबी', 'मेगाफोन', 'ग्लासवूल' यांच्या रांगेत 'इंदोरी' नावाचा एक सायलेन्सरही टांगलेला असतो. आपल्या इंदूरचं नाव आवाजासाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूला चिकटलं आहे, आणि तिची मागणी इथेही कमी नाही. दसरा-दिवाळीला नवी गाडी घरी आली की पहिली सर्व्हिस व्हायच्या आत रामबागेतली, सुदामानगरातली पोरं विचारायला लागतात: काका, फ्री-फ्लो (मोकळा सायलेन्सर) टाकू का? फिल्टर बदलू का? रीमॅप करून घेऊ का?

त्याच वेळी बातम्यांत पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरवताना दिसतात, आणि पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आहे. वरवर वेगळ्या दिसणाऱ्या या गोष्टी आतून एकमेकींत गुंतलेल्या आहेत. हवा आत घेणारा फिल्टर, धूर बाहेर सोडणारा सायलेन्सर आणि पेट्रोल मोजणारी ईसीयू यांचा हिशेब सामायिक असतो. एकाला हात लावला की उरलेल्या दोघांचं गणित बदलतं. आणि शहरात गाडी चालवणाऱ्याच्या पदरात या खर्चातून ताकद फारच थोडी पडते. असं का, ते मुळापासून पाहू.

इंजिनात किती हवा जाते

उदाहरणाला रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घेऊ. सप्टेंबर २०२१ मध्ये ती नव्या इंजिनासह आली. इंजिन ३४९ सीसीचं, ताकद मिनिटाला ६१०० फेऱ्यांना २०.२ बीएचपी, टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४००० फेऱ्यांना २७ न्यूटन-मीटर.

चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतं. मिनिटाला ६१०० फेरे म्हणजे ३०५० वेळा. प्रत्येक वेळी ३४९ सीसी धरले तर मिनिटाला हजार लिटरहून अधिक हवा झाली. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून वजनाने मिनिटाला साधारण किलोभर हवा आणि तिच्या जोडीला सत्तर-ऐंशी ग्रॅम पेट्रोल, असा तिचा पूर्ण जोरातला खुराक येतो.

यातली मर्यादा हवेची आहे. पेट्रोल गाडीतल्या पंपाने हवं तितकं ढकलता येतं. हवा मात्र पिस्टनच्या ओढीने जेवढी येईल तेवढीच. म्हणून ताकद वाढवायची म्हणजे जास्त हवा आत आणायची आणि जळालेला वायू पुरता बाहेर काढायचा. फिल्टर आणि सायलेन्सर बदलण्यामागचा विचार एवढाच आहे, आणि तो चुकीचा नाही.

पण हवेचं वजन ऋतूप्रमाणेही बदलतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. जानेवारीतल्या पहाटे १० अंशांना इथली लिटरभर हवा सुमारे १.१७ ग्रॅम भरते, मेच्या दुपारी ४२ अंशांना सुमारे १.०५ ग्रॅम. दहा टक्क्यांचा फरक. ढोबळमानाने वीस बीएचपीच्या गाडीतले दीड-दोन बीएचपी नुसत्या उन्हाने जातात, आणि आपल्याला ते कळतही नाही. फिल्टर-सायलेन्सरच्या जोडीने या वर्गातल्या गाडीत मिळणारी वाढ बहुधा याहून मोठी नसते.

ईसीयूला हवा दिसत नाही

एप्रिल २०२० पासून धुराचं बीएस-६ मानक आलं आणि कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. जुन्या बुलेटचा मिस्त्री जेट बदलून, स्क्रू फिरवून पेट्रोल जुळवायचा. आता ते काम ईसीयू करते. ईसीयू म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक. तिच्यात एक तक्ता भरलेला असतो: इतके फेरे, इतका थ्रॉटल (एक्सलेटरने उघडणारी हवेची झडप), तर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर इतका वेळ उघडा. हा तक्ता म्हणजे 'मॅप', आणि तो बदलणं म्हणजे 'रीमॅप'.

आपल्या बहुतेक मोटरसायकलींत येणारी हवा थेट मोजणारं काहीच नसतं. ईसीयू थ्रॉटल किती उघडा आहे, फेरे किती आहेत, इनटेकमधला (हवा आत जायच्या नळीतला) दाब आणि हवेचं तापमान किती आहे हे पाहते आणि त्यावरून हवेचा अंदाज बांधते. कंपनीने मॅप भरला तेव्हा गाडीवर कंपनीचाच फिल्टर आणि कंपनीचाच सायलेन्सर होता. फिल्टर बदलल्याने पडलेला फरक दाबाचा सेन्सर थोडाफार टिपतो. पण नव्या सायलेन्सरमुळे सिलिंडर आता किती रिकामा होतो आणि किती भरतो, हे त्याला कळायला वाव नाही.

भात लावताना एक वाटी तांदूळ, त्याच वाटीने दोन वाट्या पाणी, हा हिशेब हाताला पाठ असतो. कोणी न सांगता तांदळाची वाटी मोठी करून ठेवली आणि पाणी जुन्याच वाटीने पडत राहिलं, तर भात टचटचीत राहणार. ईसीयूचं तसंच होतं. हवेची वाटी आपण बदलली, पेट्रोलची जुनीच राहिली.

शुद्ध पेट्रोलच्या १ ग्रॅमला पुरतं जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर पेट्रोल थोडं वाढवून ते १२.५ ते १३ च्या आसपास आणतात. पेट्रोल जास्त पडलं तर गॅरेजच्या भाषेत मिश्रण 'रिच', कमी पडलं तर 'लीन'. पूर्ण जोरात मिश्रण लीन झालं की आतलं तापमान चढतं आणि इंजिन ठोके देऊ लागतं, म्हणजे मिश्रण वेळेआधी, आपल्या मनाने पेटतं. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचं खरं नुकसान तिथे होतं.

"माझ्या मित्राने लावलंय, काहीच झालं नाही"

हे खरं असू शकतं.

धुराच्या नळीत एक ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून आलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला ते पाहून तो ईसीयूला सांगतो की मिश्रण लीन आहे की रिच. ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल सतत कमी-जास्त करते. एकसारख्या वेगाने, मध्यम थ्रॉटलवर चालताना ही दुरुस्ती चालू असते. म्हणून मित्राची गाडी पलासियाहून भंवरकुआंपर्यंत छान चालते, बंद पडत नाही, ॲव्हरेजही फारसं बदलत नाही.

मात्र या सेन्सरला १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच नीट कळतं. किती अलीकडे, ते कळत नाही. त्यामुळे पूर्ण थ्रॉटल उघडला की ईसीयू त्याचं ऐकणं थांबवते आणि मॅपवर चालते. म्हणजे इंजिनावर सर्वांत जास्त ताण असतो नेमका तेव्हाच दुरुस्ती करणारं कोणी नसतं. सिमरोलच्या घाटात मागे माणूस बसलेला, गियर खालचा, एक्सलेटर पूर्ण पिळलेला: मित्राच्या गाडीची परीक्षा तिथे आहे. आणि तिथलं नुकसान एका दिवसात दिसत नाही.

स्वस्तात हे सावरण्यासाठी बाजारात एक छोटी वायर मिळते. तिच्यात फक्त एक रेझिस्टर असतो आणि ती ईसीयूला हवा खरी आहे त्याहून गार असल्याचं खोटंच सांगते. गार हवा जड असते, म्हणून ईसीयू सगळीकडे पेट्रोल वाढवते. मध्यम थ्रॉटलवर ऑक्सिजन सेन्सर ते पुन्हा कमी करतो. पूर्ण थ्रॉटलवर कुठे गरजेपेक्षा जास्त पडतं, कुठे तरीही अपुरं. याला ट्यूनिंग म्हणता येणार नाही, आणि ती वायर कोणी नव्या गाडीत बसवू नये असं मला मनापासून वाटतं.

फिल्टर: जिथे फायदा आहे तिथे आपण जातच नाही

हवेच्या वाटेत फिल्टरच्या पुढे थ्रॉटलची झडप असते. एक्सलेटर पिळला की ती उघडते. अर्ध्या थ्रॉटलला ही झडप स्वतःच वाट अडवून उभी असते, आणि तिच्या अडथळ्यापुढे स्वच्छ फिल्टरचा अडथळा अगदी किरकोळ ठरतो. त्यामुळे अर्ध्या थ्रॉटलवर मोकळा फिल्टर लावून मिळणारी जादा हवा कंपनीच्या फिल्टरवर मनगट किंचित अधिक पिळूनही मिळते. फिल्टरने वाढलेली ताकद फक्त झडप पूर्ण उघडी असताना आणि फेरे वर गेलेले असताना हाती येते. विजयनगर चौकापासून राजवाड्यापर्यंत अशी वेळ येत नाही, आणि येऊही नये. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, २०२१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. पूर्ण थ्रॉटल मिनिटन् मिनिट धरून ठेवायला तसली जागा लागते.

मग फिल्टर बदलल्यावर गाडी 'जिवंत' का वाटते? मुख्यतः इनटेकचा आवाज वाढतो म्हणून. कानाला आलेला जोर मनाला वेग वाटतो.

सीटखालचा प्लास्टिकचा डबा, म्हणजे एअरबॉक्स, काढून थेट थ्रॉटलवर शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावण्याची जुनी हौस आहे. ती मला सर्वांत वाईट वाटते. एका सिलिंडरचं इंजिन हवा सलग ओढत नाही, झटक्याझटक्याने ओढतं, आणि त्या झटक्यासाठी शांत हवेचा साठा त्या डब्यात असतो. डब्याचं आकारमान आणि त्याच्या तोंडाची नळी खालच्या-मधल्या फेऱ्यांना सिलिंडर नीट भरावा अशा बेताने ठरवलेली असते. उघडा फिल्टर शिवाय इंजिनाच्या कडेची तापलेली हवा ओढतो. बाहेर ४२ अंश आणि इंजिनाजवळ ६० अंश धरले, तर हवा पाच टक्क्यांहून जास्त हलकी झाली. मिळवायला गेलो त्याहून जास्त इथेच गेलं. पावसाळ्यात पाणी आत जाण्याचा धोका वेगळाच.

आणि धूळ. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात पीठ होऊन उडते, शहरात जागोजागी खोदकाम चालू असतं. धुळीतले वाळूचे बारीक कण पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासतात. कंपनीचा कागदी फिल्टर ते चांगले अडवतो. धुता येणारा तेलाचा कापडी फिल्टर लावायचाच असेल तर एअरबॉक्स न काढता त्याच मापाचा बसवा, आणि तेल बेताने लावा; जास्त झालेलं तेल पुढच्या सेन्सरवर जाऊन बसतं.

"थोडा बॅक-प्रेशर तर लागतोच ना?"

हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतं. त्यात खरं आणि खोटं एकत्र मिसळलं आहे.

बॅक-प्रेशर म्हणजे बाहेर जाणाऱ्या वायूला होणारा अडथळा. अडथळा स्वतःहून इंजिनाला काहीही देत नाही. इंजिनाला हवा असतो वायूचा वेग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर सोडणारी झडप) उघडला की दाबाची एक लाट बेंड पाईपमधून, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीतून, धावते. पाईप जिथे एकदम रुंद होतो तिथून ती उलटी फिरते, आणि फिरताना ओढणारी लाट होऊन परत येते. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असतात. त्या क्षणी ही ओढ पोहोचली तर सिलिंडरमधला जळका वायू खेचला जातो आणि त्यामागोमाग ताजी हवा जास्त शिरते. पाईपची लांबी आणि जाडी ठरवते की हा मेळ किती फेऱ्यांना बसेल.

पाईप जाड केला तर वायूचा वेग पडतो आणि हा मेळ वरच्या फेऱ्यांकडे सरकतो. क्लासिकसारख्या गाडीची सगळी मजा ४००० फेऱ्यांखाली आहे. जाड, मोकळी नळी लावून खालचा टॉर्क गेला की माणूस म्हणतो, "बॅक-प्रेशर गेला." गेलेला असतो तो वेग आणि लाटेचा मेळ.

एक्सलेटर सोडताना सायलेन्सरमधून येणारे फटाक्यांसारखे आवाज हीसुद्धा ताकदीची खूण नाही. तेव्हा न जळलेलं पेट्रोल गरम नळीत जाऊन पेटतं. सांध्यातून बाहेरची हवा आत येत असेल तर आणखीच. नव्या सायलेन्सरनंतर फटाके सुरू झाले तर आधी गॅस्केट आणि क्लॅम्प तपासा.

कॅटकॉन काढला तर?

कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या छिद्रांच्या गाभ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं तो बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतो. साधारण २५० ते ३०० अंशांना तो कामाला लागतो, आणि मिश्रण १४.७ च्या अगदी जवळ असेल तेव्हाच तिन्ही कामं एकदम करतो. ऑक्सिजन सेन्सर मिश्रण तिथे धरून ठेवतो त्याचं हे मोठं कारण.

तो काढला की पूर्ण थ्रॉटलवर थोडा फायदा होतो, हे मी नाकारणार नाही. पण गाडी प्रदूषणाच्या बाबतीत पुष्कळ मागे जाते, आणि हे विष सर्वांत आधी मागच्या सिग्नलला थांबलेल्या स्कूटरवरच्या बाईच्या आणि तिच्या पुढ्यात उभ्या असलेल्या मुलाच्या छातीत जातं. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं आलं, २०२३ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणातही मोठ्या शहरांत पहिलं होतं. तो मान गल्लीगल्लीतल्या लोकांनी कचरा वेगळा करून मिळवला. एक-दीड बीएचपीसाठी कॅटकॉन कापणं मला पटत नाही.

मग कंपनी स्वतःच जास्त ताकद का देत नाही?

कारण कंपनीला एकाच गाडीत धूर, आवाज, ॲव्हरेज, वॉरंटी आणि लडाखपासून चेन्नईपर्यंतची हवा, सगळं सांभाळायचं असतं. ताकद थोडी राखून ठेवलेली असते, पण ती फुकट पडून नसते. टिकाऊपणासाठी ठेवलेली असते.

२० टक्के इथेनॉलने काय बदललं

इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त. म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते: ग्रॅमला ९ ग्रॅम. मिश्र पेट्रोलचं गणित त्यामुळे सरकतं. १० टक्के इथेनॉलला सुमारे १४.१, २० टक्क्यांना सुमारे १३.५. दुसऱ्या शब्दांत, तेवढ्याच हवेला आता पेट्रोल जास्त लागतं.

१० टक्क्यांसाठी भरलेला मॅप २० टक्क्यांच्या पेट्रोलवर पूर्ण थ्रॉटलला चारेक टक्के लीन चालतो. त्यावर मोकळा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर आले की लीनपणा एकाच दिशेने साठत जातो. नवीन गाड्या २० टक्क्यांसाठीच बनतात, त्यामुळे नव्या गाडीला हा मूळ त्रास नाही. पण जुन्या पेट्रोलवर तयार झालेला, कोणीतरी कॉपी करून दिलेला 'रेडीमेड' मॅप नव्या गाडीत टाकला तर तोच त्रास आपण पैसे देऊन घेतो.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हेच बजावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला बेकायदा बदलासाठी दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुरासाठी कलम १९०(२): पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. जागेवर तडजोडीने भरायची रक्कम राज्याराज्यांत वेगळी असते.

आवाजाची मर्यादा १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला, २००५ पासूनच्या नियमाप्रमाणे, कारखान्यातून निघताना ८० डेसिबल. डेसिबल सरळ वाढत नाहीत: दहा वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. रात्री अकराला गल्लीतल्या आजारी माणसाला किंवा परीक्षेच्या पोराला तो फरक पुरता कळतो. सायलेन्सरच्या तोंडातली काढता येणारी नळी, डीबी किलर, काढली की उरलासुरला बचावही जातो. वॉरंटी आणि विमा हे दोन कागद आधी वाचा; न सांगता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो.

तरीही करायचंच असेल तर

रनिंग-इन (नवं इंजिन जपून चालवायचा सुरुवातीचा काळ) आणि पहिली सर्व्हिस होईपर्यंत कशालाच हात लावू नका. इंजिनाच्या रिंगा बसायच्या असतात, आणि एखादा मूळ दोष असेल तर तो याच काळात, वॉरंटीत, मूळ भागांसह दिसायला हवा. नंतरही बेंड पाईप आणि कॅटकॉन तसेच राहू द्या. बदलायचाच तर फक्त मागचा सायलेन्सर, तोही कंपनीच्या स्वतःच्या ॲक्सेसरीत मंजूर असलेला मिळत असेल तर. विदेशी प्रमाणपत्राचा शिक्का असला म्हणजे तो इथल्या रस्त्यावर आपोआप कायदेशीर होत नाही. जुने भाग फेकू नका, तेलाचा हात फिरवून ठेवा.

मॅपला हात लावायचा तर सगळे भाग बसवून झाल्यावर, एकदाच, आणि डायनोवर. डायनो म्हणजे रोलरवर गाडी चालवून ताकद मोजणारं यंत्र. ट्यून करणाऱ्याने धुरात 'वाइडबँड' सेन्सर लावला पाहिजे. तो मिश्रण किती लीन-रिच आहे ते आकड्यात सांगतो. मूळ मॅपची प्रत काढून घेतल्याशिवाय नवा टाकू देऊ नका, आणि टाकीत तेच पेट्रोल असू द्या जे रोज भरता.

काम झाल्यावर आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आलेख कागदावर मागा. बीएचपीची वरची रेघ सगळेच दाखवतात. हवा-पेट्रोलच्या प्रमाणाची खालची रेघही त्याच कागदावर मागा. पूर्ण थ्रॉटलला खालून वरपर्यंत ती सपाट आणि पुरेशी रिच असली पाहिजे. वरच्या फेऱ्यांकडे ती लीन होत चढताना दिसली, तर पैसे देण्याआधी गाडी परत रोलरवर चढवायला सांगा.